बंद न पडणारी गाडी

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांना बोटाने जवळ बोलावलं, तेव्हाच सरांनी ओळखलं की आजचा दिवस गेला. तसे त्यांचे बहुतेक दिवस सकाळीच जात. स्वभावच पडेल, त्याला काय करणार.

"ही गाडी उभ्या उभ्या एवढी का बोंबलते?"

"जुनी आहे साहेब."

"मीपण जुना आहे. मी बोंबलतो का? शुक्रवारी ही अशीच आणलीत तर टेस्ट घेणार नाही. मग तुमचं तुम्ही बघा."

शुक्रवारी सिस्टरची टेस्ट होती. वॉर्डात पंचवीस वर्षं उभं राहून पायांच्या शिरा सुजलेली ही नर्स. एक तारखेपासून घरोघर जाऊन पेशंट बघायचं काम तिला मिळणार होतं, गाडीसकट, पण लायसन असलं तर. नाहीतर पुन्हा वॉर्ड. आधीच्या दोन स्कूलमध्ये गाडी सारखी बंद पडून तिने हाय खाल्ली होती. सरांकडे ती आली ते त्यांची ख्याती ऐकून.

ख्याती अशी, की अकरा वर्षांत सरांच्या एकाही विद्यार्थ्याची गाडी टेस्टमध्ये बंद पडली नव्हती. क्लच सोडला की गाडी आपली चालू लागे. "गाडी बंद पडते ती भीतीने," सर पहिल्याच दिवशी सांगत. "मन शांत ठेवा." लोक मन शांत ठेवत आणि पास होत. शिकवावं तर सरांनी, असं कोणी म्हटलं तर सर मान हलवून नको नको म्हणत, पण पुरतं बोलू देत.

मेकॅनिकने दोन दिवस घेतले. इंजिनात हवा जाते तिथली काजळी खरवडली, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा दोन हजारांवरच. उभ्या गाडीची रेस सांभाळणारा व्हॉल्व्ह बदलला, काटा दोन हजारांवरच. शेवटी त्याने चालू इंजिनावर जागोजागी स्प्रे मारला आणि एका ठिकाणी इंजिनाचा आवाज बदलला. तिथे बोटभर लांबीचा रबरी पाइप होता, आणि पाइपला चीर.

"इथून चोरून हवा जात होती," मेकॅनिक म्हणाला. "हवा जास्त म्हणून गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल जास्त देत होता. त्याचा काय दोष?"

"कधीपासूनची असेल?"

"रबर बघता दहा-अकरा वर्षं सहज."

नवा पाइप बसला आणि काटा आठशेवर आला. इंजिन इतकं गप्प झालं, की सरांनी गाडी बंद आहे समजून पुन्हा चावी फिरवली. आतून असा करकराट झाला की मेकॅनिकने कपाळाला हात लावला.

बुधवारी सकाळी सिस्टरने क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. स्कूलच्या फाटकापासून औषधाच्या दुकानापर्यंत ती अकरा वेळा बंद पडली. चौकात मागून पाववाल्याच्या टेम्पोने हॉर्न सुरू केला, त्याच्या मागून इतरांनी.

"उठा, मी दाखवतो," सर म्हणाले. जागांची अदलाबदल झाली. "असा अलगद सोडायचा."

गचका. बंद.

"भीतीने का हो सर?" सिस्टरने विचारलं. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या क्षणी सरांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. इंजिन आपोआप रेस होत होतं, म्हणून क्लच सोडला की गाडी निघायची. निघताना ॲक्सिलरेटर कोणी दिलाच नव्हता. विद्यार्थ्यांनी नाही, आणि अकरा वर्षांत सरांनीही नाही.

घरी जाऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे शिकवत होता तो पाइप," ती म्हणाली आणि पुढची चादर उचलली.

दुपारी सर पुन्हा गॅरेजमध्ये.

"तो जुना पाइप आहे का हो?"

"कचऱ्यात गेला. का?"

"परत बसवायचा होता."

मेकॅनिकने हात पुसले. "सर, दुरुस्त करून द्या म्हणणारे रोज येतात. बिघडवून द्या म्हणणारे तुम्ही पहिले."

"पूर्ण नको. अर्धाच. साहेबांच्या कानावर जाणार नाही इतपत."

"नाही जमणार. मला धंदा करायचाय."

सरांना स्वतःची लाज वाटली. संध्याकाळच्या तासाला त्यांनी सिस्टरला खरं ते सांगून टाकलं. "मला शिकवता येत नाही. तुम्ही दुसरीकडे बघा."

सिस्टरने सीटबेल्ट लावला. "दुसरीकडूनच तर आले," ती म्हणाली. "परवा टेस्ट आहे सर. तुम्ही नुसते शेजारी बसा. आणि कृपा करून मन शांत ठेवा म्हणू नका."

बंद गोदामामागच्या चढावर दोघं जाऊन बसली. गाडी बंद पडायची, सिस्टर ब्रेक दाबायची, चावी फिरवायची, पुन्हा. बुधवारी ती रडली. गुरुवारी रडता रडता चालवू लागली. सर तोंडाला कुलूप लावून बसले होते. इतका निरुपयोगी माणूस आपण आयुष्यात पाहिला नाही, असं त्यांना स्वतःबद्दल वाटत होतं.

शुक्रवारी टेस्टच्या चढावर गाडी बंद पडली. कुंपणापाशी उभ्या सरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी चढाच्या माथ्यावर होती आणि साहेब कागदावर सही करत होते.

"पास," साहेब म्हणाले. "तुमच्याकडच्यांपैकी टेस्टला गाडी बंद पडलेली ही पहिलीच."

"हो साहेब."

"बंद पडली तर काय करायचं ते माहीत असलेलीही पहिलीच."

परतताना सिस्टर चालवत होती. चौकात पुढची गाडी बंद पडली आणि मागे हॉर्नचा गोंधळ माजला. पुढच्या खिडकीतून घामाघूम डोकं बाहेर आलं. चार वर्षांपूर्वी सरांकडे शिकलेले दातांचे डॉक्टर. सर उतरून गेले.

"सर, बरे भेटलात. तुमच्या गाडीत असं एकदाही झालं नाही. माझीच गाडी नालायक. क्लच बदलला, इंजेक्टर साफ केले, तिसरा मेकॅनिक चालू आहे."

"डॉक्टर, गाडी चांगली आहे. मीच तुम्हाला नीट शिकवलं नाही."

"उगाच कमीपणा घेऊ नका सर. तुमच्यासारखा माणूस माझी समजूत घालायला लागला म्हणजे गाडी कामातूनच गेली. विकून टाकतो."

"अहो, खरंच सांगतो..."

तोवर सिस्टर येऊन उभी राहिली होती. "सरका जरा, मीपण सरांकडेच शिकले," ती म्हणाली. डॉक्टर पलीकडच्या सीटवर सरकले. तिने ब्रेक दाबला, चावी फिरवली, पायाने किंचित रेस दिली आणि त्यांची गाडी अलगद चौकापार नेऊन कडेला लावली.

सर मागून चालत पोचले. डॉक्टरांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्ही म्हणता, शिकवता येत नाही."