बापटांचं बर्फातलं ब्रह्मकमळ

आमच्या फ्रीजरमध्ये मटार मावत नाहीत, कारण तिथे बापटांची फुलं असतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे हे बापट बँकेतून निवृत्त झाले आणि फुलं पाण्यात बुडवून गोठवायला लागले. मग तो बर्फ गॅलरीत मांडायचा, कॅमेरा अगदी पाकळीला टेकेल इतका जवळ न्यायचा आणि श्वास रोखून फोटो काढायचे. स्वतःचा फ्रीजर भरला, तेव्हा त्यांना आमचा दिसला.

"वहिनी, डबा हलवू नका. विषय नाजूक आहे," असं बजावून जातात आणि तासाभरात पुन्हा बघायला येतात. पाणी दोनदा उकळून निववलेलं हवं, नाहीतर म्हणे बर्फ पांढरा पडतो. पाकळीपाशी बुडबुडा दिसला तर माणूस धड जेवत नाही. एकदा आमच्या दिरांनी त्यांची बर्फातली अबोली पन्ह्यात घातली. आठवडाभर बापट माझ्याशी बोलले नाहीत. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं.

यंदा मात्र विषय खरोखरच नाजूक झाला. त्यांच्या सौ., सुमनताई, लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात गेल्या. "कुंड्यांना पाणी कोण घालणार?" म्हणून बापट मागे राहिले. आणि ज्या ब्रह्मकमळाला सुमनताईंनी वर्षानुवर्षं आंबट ताक घातलं, ते मेलं नेमकं त्या नसताना पहिल्यांदा फुललं. सकाळपर्यंत मान टाकणारं फूल ते. बापटांनी ते अख्खं गोठवून आमच्याकडे आणून ठेवलं. सुमनताई येईपर्यंत ते टिकवायचं होतं. आधी त्या गणपतीला येणार होत्या, मग दिवाळीला. आता संक्रांत म्हणतात.

गेल्या गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली. गुरुवारी जायचीच, त्यात नवल नाही. पण दुपार टळली तरी येईना. बापट आमच्या फ्रीजसमोर खुर्ची टाकून बसले. मला "उघडू नका" म्हणायचे आणि स्वतःच उघडून बघायचे. डब्याच्या कडेला पाणी सुटलं तसा त्यांचा चेहरा उतरला. शेवटी मीच म्हटलं, "चला, मासळीवाल्याकडे बर्फ असतो."

हा गृहस्थ एरवी मासळीचं दुकान आलं की रस्ता ओलांडतो. पण डबा पोटाशी धरून निमूट माझ्या स्कूटरवर बसला. मासळीवाल्यानं पापलेटं सरकवून बर्फात जागा केली.

"त्या बांगड्यांपासून जरा लांब ठेवा," बापट म्हणाले.

"बांगडा काय फूल खातोय का, काका?"

बापट नाकाला रुमाल लावून स्टुलावर बसले. वरचा थर वितळला होता, पाकळ्या अजून शाबूत होत्या. तरी दर मिनिटाला वाकून बघत होते. मला ते बघवेना.

"अहो बापट, याचे ढीगभर फोटो काढलेत तुम्ही. त्यात परागाचा कण न् कण दिसतो. त्यातला एक सुमनताईंना पाठवून द्या की. कशाला जिवाचा एवढा आटापिटा?"

त्यांनी रुमाल खाली घेतला.

"फूल आलंय, जपून ठेवलंय, एवढंच सांगितलंय तिला. रोज फोनवर विचारते, कसं दिसतं हो?" ते हळू आवाजात म्हणाले. "फोटो पाठवला की बघून होईल तिचं. मग वहिनी, इकडे यायचं ते कशासाठी?"