रशीदभाऊंची शेवटची खुर्ची

सभासमारंभासाठी जागा हवी म्हणून चंद्रपूरच्या पर्यटन माहिती केंद्रात गेलात, तर तिथले रशीदभाऊ माणसं किती, जेवण कसलं, एसी हवा का, यातलं काहीही विचारत नाहीत. चष्म्यावरून बघत एवढंच म्हणतात, "मांगं कोन बसनार हाय?"

मी गडचांदूरचा मास्तर. आमच्या मुख्याध्यापिका गेडामबाई निवृत्त होत होत्या. त्यांचा निरोप समारंभ जरा बऱ्या जागी व्हावा म्हणून मी गेलो होतो. मागे कोण बसणार हे मला काय ठाऊक! म्हटलं, जो उशिरा येईल तो.

"तसं नोका म्हनू मास्तर. मांगं तं घरचेच बसते."

मी जंगलाशेजारच्या रिसॉर्टचं नाव काढलं. "वाघ निंघाला म्हनलं का अध्यक्षच पहिले पयते. भाषन कोनाले करता?" गडचांदूरचा हॉल सिमेंटच्या ट्रकांच्या धडधडीपायी बाद झाला. मार्कंड्याच्या भक्तनिवासावर 'आवाज घुमते' एवढाच शेरा पडला. नुसता फोन नंबर देऊन मोकळं व्हायचं, तर हा माणूस रविवारची सुट्टी मोडून मला एसटीनं चामोर्शीच्या नव्या सभागृहात घेऊन गेला.

तिथे ते दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत डोळे मिटून बसले आणि मला स्टेजवर चढवलं. "बोला!" काय बोलणार? मी पाढे सुरू केले. मग पंखे लावून पाढे, दार उघडं ठेवून पाढे, शेवटी बाहेरच्या चहावाल्याला भांडी आपटायला लावून पाढे. माझा घसा बसला, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

चहा घेताना मी वैतागून विचारलं, "भाऊ, एवढं कायच्यासाठी?"

ते ग्लासाकडे बघत म्हणाले, "ऑफिसानं माहा सत्कार केला होता. जिंदगीत पहिल्यांदा बायकोबद्दल चारचौघात बोललो. नसीम मांगं बसली होती, अन् माइक खरखर करे. घरी जाताना तिनं पुसलं, काय म्हनलं जी तुमी? लोकं मले पाहून राह्यले होते. मले लाज वाटली. म्हनलं, काई नाई, आभार मानले." मग हळूच म्हणाले, "मंग सांगू, मंग सांगू म्हनता म्हनता गेली ती. राहूनच गेलं."

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला, त्यांना परत आत स्टेजवर माइकसमोर नेलं आणि म्हटलं, "आता तुम्ही बोला भाऊ. मी मागं बसतो." शेवटची खुर्ची रिकामीच ठेवून मी तिच्या शेजारी बसलो.

ते बराच वेळ माइकची मान वरखाली करत राहिले. मग म्हणाले, "मी मानसात आलो ते नसीमपायी. मले बोलता येत नाई म्हनून तिले कधी बोललो नाई."

पंखे फिरत होते. बाहेर भांडी वाजत होती. रशीदभाऊंनी डोळे पुसले आणि नेहमीच्या थाटात ओरडून विचारलं, "मांगं आलं का ऐकू?"

"आलं भाऊ," मी बसल्या घशानं ओरडलो. "शेवटच्या खुर्चीपर्यंत आलं."