सासरे ज्या गाडीतून गेले

बायकोने सकाळीच दम भरला होता, "आज बसबद्दल अवाक्षर काढायचं नाही." जावईबापूंनी मुकाट्याने मान डोलावली. सासरे बाहेरच्या खोलीत निपचित पडलेले, अशा वेळी बसबद्दल कोण बोलणार? (कोण बोलणार, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं.)

जावईबापू पोटापाण्यासाठी वीजबिलाच्या ऑफिसात कारकून. पण जीव सगळा भंगारात निघालेल्या बसगाड्यांत. अशा गाडीचं पुढे कुणी दुकान करो की कोंबड्यांचं खुराडं, पत्रा खरवडून ती मूळची कुठल्या डेपोची, हे सांगितल्याशिवाय या गृहस्थाला अन्न गोड लागत नसे. नाद लागला तोच मुळी सासऱ्यांपायी. सासरे जन्मभर बसचे ड्रायव्हर. लग्न झाल्या झाल्या त्यांनी एक जुनाट गाडी दाखवून विचारलं होतं, "सांगा, कुठली?" जावईबापूंनी छातीठोकपणे सांगितलं आणि साफ चुकले. तेव्हापासून सासरे त्यांना 'अंदाजे' म्हणत. तेही चारचौघांत. "अंदाजे आलेत, चहा टाका."

आता ते म्हणणारं माणूसच गेलं होतं, आणि जावईबापूंना त्याचंसुद्धा वाईट वाटत होतं. त्याहून घोर लागला होता तो सासूबाईंचा. नवरा गेल्यापासून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ना रडल्या, ना पाणी घेतलं, ना कुणाशी शब्द बोलल्या. "आई रडली नाही तर तिचंही काही खरं नाही," असं बायको सारखं म्हणत होती.

इतक्यात शववाहिनी दारात आली आणि जावईबापू बाहेर आले. पांढऱ्या रंगाखाली ती सरळसरळ बस होती! त्यांनी हळूच खिशातली किल्ली काढून पत्रा खरवडला. आत लाल रंग. ड्रायव्हरच्या खिडकीखाली ठिगळ. सासऱ्यांनी एकदा डेपोच्या गेटला गाडी घातली होती, तेव्हाचं ते ठिगळ. (चूक गेटची होती, असं ते शेवटपर्यंत सांगत.)

बायकोला दिलेलं वचन हवेत विरलं. जावईबापू धावत आत गेले.

"आई! ही बाबांचीच गाडी आहे!"

बायकोने कपाळावर हात मारला. पण सासूबाईंनी मान वर केली.

"नक्की?"

"शंभर टक्के!"

सासूबाई उठल्या, बाहेर आल्या, गाडीत चढल्या आणि पुढच्या सीटवर बसून म्हणाल्या, "मग त्यांना त्यांच्या नेहमीच्या रस्त्याने न्या."

"अहो, लांबचा वळसा पडेल," शववाहिनीचा ड्रायव्हर हबकला. "पुढची बॉडी खोळंबलीय माझी!"

पण जावईबापूंच्या मेहुण्याने हंबरडा फोडला, आणि ड्रायव्हरचा नाइलाज झाला. प्रत्येक स्टॉपवर थांबत, हॉर्न वाजवत अंत्ययात्रा निघाली. बाजाराच्या स्टॉपवर एक गृहस्थ दोन पिशव्या घेऊन चढले, ऐसपैस बसले आणि मग त्यांची नजर मागे गेली. लगेच उतरणं बरं दिसत नाही म्हणून ते टोपी काढून पुढच्या स्टॉपपर्यंत बसून राहिले.

चढावर गाडी बंद पडली. ड्रायव्हर इंजिनाशी झटापट करू लागला, तेवढ्यात जावईबापू गाडीखाली शिरले. सासऱ्यांच्या गाडीचा चासी नंबर त्यांना तोंडपाठ होता. रुमालाने ग्रीस पुसून त्यांनी नंबर वाचला. परत पुसला, परत वाचला. गाडी भलत्याच शहरातली होती. सासऱ्यांनी तिचं तोंडही कधी पाहिलं नसेल.

जावईबापू तिथेच आडवे राहिले. वर कुणीतरी म्हणत होतं, "बघा, जावई असून कसा गाडीखाली जाऊन रडतोय!" त्यांना लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं, तर सासूबाईंच्या हातातली आधाराची एवढीशी काडीही काढून घेतल्यासारखं होणार. आयुष्यात पहिल्यांदाच एका बसची खात्रीलायक माहिती त्यांनी पोटात ठेवली आणि तोंडभर काळं घेऊन ते बाहेर आले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

सगळं आटोपून घरी आल्यावर मात्र त्यांना राहवेना. चहाचा कप घेऊन ते सासूबाईंसमोर बसले. "आई, त्या गाडीबद्दल जरा…"

"यांची नव्हती ती," सासूबाई म्हणाल्या.

जावईबापूंनी कप खाली ठेवला. "तुम्हाला कधी कळलं?"

"चढतानाच. यांच्या गाडीची पायरी फार उंच. मी डबा घेऊन गेले की हे सीटवरून उठून हात द्यायचे, तेव्हा कुठे मला चढता यायचं. आज माझी मी चढले." एवढं बोलून त्यांचा बांध फुटला. त्या पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडल्या, आणि बायको त्यांना धरून बसली.

बऱ्याच वेळाने जावईबापूंनी चाचरत विचारलं, "मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"एकदा त्या रस्त्याने न्यायचं होतं त्यांना. मी नुसतं सांगितलं असतं, तर ऐकलं असतं कुणी?" सासूबाईंनी डोळे पुसले आणि जावयाच्या काळ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "हे तुम्हाला अंदाजे म्हणायचे ना, तर मी भांडायचे त्यांच्याशी. म्हणायचे, जावयाला असं बोलू नये."

जावईबापूंना भरून आलं. "आई…"

"उगाच भांडले हो."