दर शनिवारी मरणारा बेपो

"हे दुकान कुणाचं?" एवढंच त्या ऑस्ट्रियन बाईंनी विचारलं होतं. क्रशेवाननं सरळ उत्तर दिलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

झादर शहरात पर्यटकांना फिरवण्यात क्रशेवानचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लढाई संपली, पर्यटक परत येऊ लागले. पण त्यांना आता रोमन खांब नको असत, भिंतींवरची भोकं हवी असत. क्रशेवान दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडांपाशी आला की खुलायचा आणि नेमके तेव्हाच लोक जांभया द्यायचे.

वारोश या जुन्या वस्तीतल्या गल्लीतलं ते फळ्या ठोकलेलं दुकान बेपो न्हाव्याचं. बेपो म्हणजे त्याचा तीस वर्षांपासूनचा मित्र. तोफा सुरू झाल्या त्याच महिन्यात बेपो बायकोला, नेवेंकाला घेऊन परदेशी, त्रिएस्तला मुलीकडे निघाला. धक्क्यावर निम्मं शहर बोटीसाठी रांगेत उभं होतं. त्या सगळ्यांसमोर क्रशेवान मोठ्यानं म्हणाला होता, "जा, शेपूट घालून जा. इथं परत तोंड दाखवू नकोस." बेपो पेटी उचलून बोटीत चढला होता. त्याला सहा वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही.

आता हे परक्या बाईला कसं सांगायचं? म्हणून तो म्हणाला, "बेपोचं. तो गेला."

बाईंना वाटलं, देवाघरी गेला. त्यांनी छातीवर हात ठेवला, डोळे भरून आले. मागची दहा-बारा माणसं पुढं सरकली. कुणीही जांभई दिली नाही. 'तसा नाही गेला' असं म्हणायला क्रशेवाननं तोंड उघडलं आणि मिटलं.

पुढच्या शनिवारच्या लोकांनी आपणहूनच विचारलं, न्हाव्याचं दुकान कुठं आहे? त्या दिवशी बेपो गिऱ्हाइकाची दाढी करता करता गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी गिऱ्हाइकाला वाचवताना गेला. ऑगस्टपर्यंत तर, मी शहर सोडलं तर झादरची दाढी कोण करणार, असं बाणेदारपणे सांगून तो गेला होता. क्रशेवानला घरी गेल्यावर जेवण जात नसे. पण नवल असं, की बेपोबद्दलचे जे चांगले शब्द त्याच्या तोंडून सहा वर्षांत निघाले नव्हते, ते शनिवारी आपसूक निघत.

समोर कॉफीचं दुकान चालवणाऱ्या टोंकानं त्याला बजावलं, "बार्बा क्रशेवान, जित्या माणसाला दर आठवड्याला मारताय. कुठं फेडाल?" म्हाताऱ्या माणसांना सगळं झादर बार्बाच म्हणतं, टोंकाच्या तोंडी मात्र त्या शब्दाला धार असे. अर्थात तिनंही पर्यटकांसाठी दोन टेबलं वाढवली होती.

फळ्यांशी फुलं साठू लागली. मग मेणबत्त्या. आणि हिवाळ्यात पत्र आलं: त्या ऑस्ट्रियन बाईंचे यजमान तिकडच्या न्हाव्यांच्या एका मंडळाचे अध्यक्ष निघाले. मंडळानं संगमरवरी पाटी घडवून घेतली होती. मे महिन्यात ते बस करून येणार होते. नगरपालिकेनं परवानगी दिली. मेलेला माणूस मेलाय का, हे बघायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मंडळाच्या मासिकात मात्र बातमी छापून आली. बेपोच्या मुलीचं त्रिएस्तमध्ये केस कापायचं दुकान होतं, तिथं ते मासिक यायचं. तिनं जेवताना बापाला त्याचा मृत्यू वाचून दाखवला.

मे महिन्यात ठरल्या दिवशी सगळे दुकानासमोर जमले. पाटीवर कापड होतं. क्रशेवाननं भाषणाचा कागद काढला, चष्मा लावला आणि समोर बघितलं. शेवटच्या रांगेत राखाडी कोट घालून बेपो उभा होता. वाळला होता. हात मागे बांधून तो लक्षपूर्वक ऐकायला थांबला होता.

क्रशेवाननं कागद खिशात टाकला. "बेपो मेलेला नाही," तो म्हणाला. "जाताना मी त्याला चारचौघांत भेकड म्हणालो. ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी त्याला मारला. तो बघा, मागं उभा आहे."

गल्लीतले लोक मागे वळले. ऑस्ट्रियन मंडळी मात्र हसऱ्या चेहऱ्यानं क्रशेवानकडेच बघत राहिली, कारण दुभाषाही तोच होता. मग त्याला तेच सगळं पुन्हा एकदा जर्मनमध्ये सांगावं लागलं. अध्यक्षांनी मागे जाऊन बेपोशी हस्तांदोलन केलं, जिवंत असल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं आणि कापड स्वतःच ओढलं. पाटी एवढ्या लांबून आणली होती. जाताना क्रशेवानकडे कुणी बघितलं नाही. शनिवारपासून येऊ नका, असा सहलीच्या कंपनीचा निरोप संध्याकाळच्या आत आला.

दोघं टोंकाच्या टेबलाशी बसले. क्रशेवाननं माफी मागितली.

"तू खोटं नव्हतास बोलला," बेपो म्हणाला. "नेवेंकाच्या हृदयाचं औषध इथं मिळत नव्हतं, हे खरं. पण भ्यालो मीपण होतो."

"मग मला सांगायचंस की."

"कुठं? त्या रांगेत?"

तेव्हा कुठं क्रशेवानच्या ध्यानात आलं, की आपण नेवेंकाबद्दल अजून विचारलंच नाही. त्यानं विचारलं.

"दुसऱ्या हिवाळ्यात वारली. तोवर दर रविवारी म्हणायची, क्रशेवानला फोन कर. मी म्हणायचो, त्यानं आधी करावा." बेपोनं कप बशीत फिरवला. "तिचं ऐकायला हवं होतं."

क्रशेवानला बोलायचं बरंच होतं. नेवेंकानं त्याला वीस वर्षं दर नाताळाला जेवू घातलं होतं. धक्क्यावर ती बेपोच्या शेजारीच उभी होती. ज्या माणसानं अनोळखी लोकांना महिनोन्‌महिने रडवलं, त्याला आता एक वाक्य जुळेना.

सोमवारी दोघं नगरपालिकेत गेले. पाटी काढली की बेपो परत जाणार होता. तिथल्या बाईंनी नियम वाचून दाखवला: स्मृतिफलक काढायचा तर मृताच्या वारसाचा अर्ज हवा, सोबत मृत्यूचा दाखला.

"मृत मीच आहे," बेपो म्हणाला.

बाईंना वाईट वाटलं. मग पाटीवरचे आपण आणि हे आपण एकच, असं पत्र लागेल, त्या म्हणाल्या. त्यासाठी जन्माचा दाखला आणा. पत्र निघेपर्यंत शहराबाहेर जाऊ नका, केव्हाही सहीला बोलावतील.

दुसऱ्या दिवशी बेपो दुकानाच्या फळ्या उचकटत बसला होता, म्हणून त्याचा जन्माचा दाखला घेऊन क्रशेवान एकटाच कचेरीत आला. या कचेरीच्या दिरंगाईला त्यानं जन्मभर शिव्या घातल्या होत्या. त्यानं विचारलं, किती दिवस लागतील?

"सगळे कागद असले तर आठवडाभर."

"आणि नसले तर?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "एखादा जरी कमी असला, तर वर्षसुद्धा जाईल."

क्रशेवाननं मान हलवली, बाईंचे आभार मानले आणि दाखला कोटाच्या आतल्या खिशात नीट घडी घालून ठेवला.