दोरीवरची निळी पट्टी

वेणूताई टिपणीस दोरीवर लोकांचं रक्त वाळत घालीत, आणि त्यातलं एक रक्त मी बंबात जाळलं. चूक आधीच सांगून टाकतो. नाहीतर बाईंच्या तऱ्हा सांगता सांगता मी तुमच्याबरोबर हसत राहीन आणि माझं सांगायचं राहून जाईल.

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाची गॅलरीत एक दोरी होती. आमच्या दोऱ्यांवर लुगडी आणि दुपटी, वेणूताईंच्या दोरीवर चिमट्यांनी अडकवलेल्या कागदाच्या निळ्या पट्ट्या. बाई रसायनशास्त्र शिकलेल्या, पन्नाशीला टेकलेल्या, एकट्या. मुंबईतल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. रक्तातली प्रथिनं विजेच्या जोरावर कागदावर वेगवेगळी करायची नवी रीत त्यांनी एका विलायती मासिकात वाचली आणि साहेबांकडे यंत्र मागितलं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही आपल्या काचा धुवा."

"धुतेच आहे," वेणूताई म्हणाल्या. "यंत्र घरी करीन."

आणि केलं. लोणच्याची दोन चिनीमातीची भांडी, त्यांवर आडवी काच, काचेवर ओला गाळणकागद आणि एकीला एक जोडलेल्या रेडिओच्या बॅटऱ्या. पट्टी भाजायला नानकटाईचा डबा, मग ती निळ्या रंगात बुडवून दोरीवर. वेणूताईंकडून भाजल्याचा वास आला की चाळीतली पोरं उलट्या दिशेने पळत.

शेजारणी एकमेकींकडे विरजण मागायला जात, या रक्त मागायला येत. "चमचाभर द्या हो, अडलंय माझं." द्यायचं नसेल तर भाषण ऐकावं लागे. निरोगी माणसाच्या पट्टीवर आधी एक ठसठशीत पट्टा असतो, मग दोन-तीन फिकट आणि शेवटी धुक्यासारखा पसरट डाग. दुखणं आलं की हे चित्र बदलतं. "ताप निदान अंग तापवून कळवतो. कॅन्सर आत बसून राहतो. मग रक्तालाच विचारायला नको?" असं म्हणत त्या सुई उकळत ठेवीत.

कुठलाही प्रश्न निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं: "पट्टी काय म्हणते ते बघू." जोश्यांच्या मुलीला स्थळ आलं, पत्रिका जमली, तर या म्हणतात, "मुलाची पट्टी काढलीत का?"

सत्यनारायणाच्या दिवशी तरी पट्ट्या काढा, म्हणून सगळ्या बायका त्यांच्या दारात जमल्या. वेणूताई कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "का काढू? तुमच्या पूजेला मी नमस्कार करते, माझ्या पूजेला तुम्ही नाक मुरडता. पट्ट्या तिथेच राहतील." राहिल्या.

चाळीचे मालक म्हात्रेशेट मानपाड्याकडचे, भातशेतीवाले. ते एकदा तणतणत आले. "ए बाय, तुजी ही निली चिंदी बघून माजी म्हैस बिथरते!"

"म्हशीची पट्टी काढू का?"

म्हात्रेशेट हसायला लागले आणि जाताना स्वतःचंच रक्त देऊन गेले. चाळीत रक्त न दिलेला मी एकटा उरलो. मी सरकारी कारकून. वरच्या साहेबाने मानलं नाही ते खोटं, एवढंच मला कळत होतं.

माझा थोरला भाऊ दादा माझ्यापाशीच राहत असे. तरुणपणी कल्याणच्या आखाड्यात घुमलेला गडी, पण त्या वर्षी त्याची पाठ धरली ती सुटेना. त्यानेही गंमत म्हणून वेणूताईंना रक्त दिलं होतं.

एका रविवारी सकाळी दादा बाजारात गेलेला असताना वेणूताई पट्टी घेऊन आल्या. चेहरा उतरलेला. "गजाननराव, हे बघा. शेवटी धुकं हवं, तिथे सुरीच्या पात्यासारखी काळी रेघ आहे. दोनदा करून पाहिलं. हाडांच्या आतल्या मगजाचा रोग असावा. हाडं ठिसूळ होतात त्यात. पाठीला कुणाला हात लावू देऊ नका, मुंबईला हाडांचा फोटो काढू. मी संध्याकाळी दादांशी बोलते. तोवर ही तुमच्यापाशी ठेवा."

"कागदाच्या चिंधीवर माझ्या भावाचं मरण वाचता?" मी ओरडलो. "तुमचे साहेब तुम्हाला काचा धुवायला सांगतात ते उगीच नाही."

वेणूताई पट्टी माझ्या हातात देऊन गेल्या. मी ती बंबात घातली आणि दुपारी दादाला काही न सांगता कल्याणला त्याच्या जुन्या वस्तादाकडे मालिशीला नेलं. वस्तादाने पाठीवर गुडघा टेकला. दादा ओरडला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मणका पिचला होता.

मुंबईच्या डॉक्टरांनी रोग सांगितला. तो वेणूताईंनी सांगितलेलाच होता. रोग बरा होणारा नव्हता, पण आधी कळतं तर हे गृहस्थ बरेच दिवस स्वतःच्या पायाने चालले असते, असं डॉक्टर म्हणाले.

दादा अंथरुणाला खिळला. वेणूताई कामावरून आल्या की त्याच्याशी पत्ते खेळायला येत. दोघंही बेधडक लबाडी करीत आणि एकमेकांना पकडीत. एका संध्याकाळी पानं पिसता पिसता दादा म्हणाला, "ताई, तुमची ती पट्टी थोडी आधी बोलली असती तर?"

मी दाराशी उभा होतो. पूजेपुढे, मालकापुढे, साहेबापुढे जिने कधी मान खाली घातली नाही त्या बाईने पत्त्यांकडे पाहत म्हटलं, "हो ना दादा. माझी पट्टी उशिरा वाळली."

आयुष्यात त्यांनी आपल्या पट्टीला दिलेला तो पहिला दोष, आणि तो खोटा. दोघं भाऊ शेवटपर्यंत भाऊ राहावेत म्हणून. मी तेव्हाही गप्प राहिलो.

दादा गेला. दिवस झाले. त्यानंतर वेणूताईंच्या दोरीवर पट्ट्या दिसेनात. पट्टी उशिरा वाळल्याची गोष्ट चाळभर झाली होती. जोशीवहिनी गॅलरीत कुणाला तरी सांगत होत्या, "वेळेवर सांगता येत नाही, तर हवेत कशाला ते उद्योग?" आत वेणूताईंना ते ऐकू जात होतं. दादा गेल्यापासून त्यांच्याशी पत्ते खेळायलाही कुणी उरलं नव्हतं.

मी त्यांच्या दारात गेलो, शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे केला. त्यांनी सुई उकळायला ठेवली. सगळी चाळ गॅलरीत जमली. सुई आत गेली तेव्हा मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"वेणूताई, दादाची पट्टी वेळेवर वाळली होती. वेळेवर बोललीही होती. मी ती जाळली. मला माफ करा."