शून्य गटातले रणपिसे सर

रणपिसे सरांशी कुणाची नवी ओळख झाली की ते त्याचं गाव विचारत नसत. चष्म्यावरून दोन मिनिटं त्याच्याकडे बघत आणि त्याचा रकाना ठरवून टाकत. एकदा ठरला की ठरला. मग माणसानं जन्मभर डोकं आपटलं तरी रकाना बदलायचा नाही.

दौंडच्या आमच्या शाळेत ते रसायन शिकवायचे आणि मी मराठी. रेल्वे कॉलनीमागच्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. सर शिरूरच्या मिशन बोर्डिंगात वाढलेले, आईबाप आठवत नसलेले. त्यांच्या खोलीत एक खाट, एक कपाट, फळीवर बायबल आणि समोरच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता. तोही जुन्या चादरीवर स्वतः शाईनं काढलेला.

त्या तक्त्यात सगळी चाळ बसवलेली होती. नळावर रोज भांडण काढणारे गार्ड धोंडे म्हणजे सोडियम. "पाणी दिसलं की पेटतात. यांना रॉकेलात बुडवून ठेवलं पाहिजे." हेडमास्तर सोनं, कारण "चकाकतात, गंजत नाहीत आणि कुणाच्या कामाला येत नाहीत." चहावाला इस्माईलचाचा कार्बन. "चार हात, आणि चारही कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर." मला त्यांनी ऑक्सिजन केलं होतं. "तुमच्यावाचून चालत नाही मास्तर, पण ज्याला चिकटाल त्याला गंज आणता." हे त्यांनी माझ्या बायकोसमोर सांगितलं. ती अजून हसते.

शिकवायचे मात्र झकास. अणूचं केंद्रक म्हणजे आपलं जंक्शन, सगळं वजन तिथं. भोवती कक्षांमधून फिरणारे इलेक्ट्रॉन म्हणजे उतारू. "बाहेरची कक्षा म्हणजे आठ जणांचा डबा. सात बसलेत? मग आठव्याला हात धरून आत ओढतात. एकटाच बसलाय? तो दुसऱ्या गाडीत जायला बघतो. या ओढाताणीलाच आपण संयोग म्हणतो. आणि आठ भरले की?" रेल्वेवाल्यांची पोरं एका सुरात ओरडायची, "आतून कडी!"

असे आतून कडी लावलेले वायू, निऑन, अरगॉन, झेनॉन, तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात. त्याला तेव्हा शून्य गट म्हणत. सरांनी स्वतःला तिथं बसवलं होतं. लग्नाची पत्रिका आली, "आपण शून्य गट." संक्रांतीचा तिळगूळ आला, "आपण शून्य गट. न घेणं, न देणं." मीही सणासुदीला जेवायला बसता बसता, हात धूत, भिंतीपलीकडे हाक टाकायचो, "सर, येताय का जेवायला?" पलीकडून यायचं, "शून्य गट!" मग आम्ही पानावर बसायचो.

एका वर्षी सहामाहीत त्यांनी पाच मार्कांचा प्रश्न घातला. शून्य गटातले वायू कुणाशीही संयोग का पावत नाहीत? सगळ्यांनी आठाचा डबा लिहिला. मावशीकडे शिकायला राहिलेल्या शकुंतलानं एकच ओळ लिहिली, "त्यांना अजून कुणी नीट विचारलं नसेल."

सरांनी ती ओळ वर्गात वाचून दाखवली आणि म्हणाले, "शून्य गटाच्या प्रश्नाला शून्य मार्क." वर्ग खो खो हसला. पोरगी बाकावर डोकं ठेवून रडली. सरांनी हा विनोद मास्तरांच्या खोलीतही सांगितला, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो. त्यानंतर वर्षभर शकुंतलानं वर्गात हात वर केला नाही. मॅट्रिक होऊन ती लग्न करून मांडवगण फराट्याला गेली.

पाचेक वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, सर एक मासिक हातात घेऊन माझ्या दारात आले. चेहरा पांढरा पडलेला. "मास्तर, झेनॉन जुळला. परदेशात एका रसायनशास्त्रज्ञानं प्लॅटिनम आणि फ्लोरिनच्या संयुगाबरोबर जुळवून दाखवला. आजवर बहुतेकांनी होणार नाही असंच धरून ठेवलं होतं." मग खाली बसले. "पोरीचं उत्तर बरोबर होतं हो. आणि मी तिच्यावर वर्ग हसवला."

मी म्हणालो, "तेव्हा पुस्तकात तसंच होतं." ते म्हणाले, "पुस्तकानं नाही रडवलं तिला. तिचे पाच मार्क पोचवायला पाहिजेत."

रविवारी दोन सायकली काढल्या. भीमेला गुडघाभर पाणी होतं. सायकली खांद्यावर घेऊन उतरलो. मांडवगणात पोचलो तेव्हा शकुंतला अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होती. सर टोपी काढून तिच्यापुढं उभे राहिले, धडा न आलेल्या विद्यार्थ्यासारखे.

"शकुंतला, पाचपैकी पाच."

आतून सासूनं विचारलं, "कोन आलंय गं?"

"माजं सर हायती, आत्याबाई. मार्क द्याया आल्याती."

सरांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तू विसरली असशील."

"न्हाई सर," ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसत ती हसली. "मार्कांचं ऱ्हाऊ द्या. उन्हाचं आलाय, जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

"नको, आपण शून्य..." सर बोलता बोलता थांबले. तिनं तोवर दोन पाट मांडले होते, तांब्या भरून ठेवला होता आणि ती समोर उभी होती. "बसा," ती म्हणाली. सर बसले.

तीन भाकरी खाल्ल्या त्यांनी. मध्येच पिठल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "झेनॉन जुळल्यावर जवळपास याच रंगाचा झाला बरं का. नुसता वायू, आणि एकदम पिवळा!" सासूबाईंनी आणखी पिठलं वाढलं.

परत येताना सर गुणगुणत होते. अकरा वर्षं हा माणूस भिंतीपलीकडे एकटा जेवत होता, आणि मी हात धुता धुता त्याला हाका मारत होतो. मला माझी फार लाज वाटली.

पुढच्या शनिवारी मी आणि बायको दोघं सरांच्या दारात गेलो. म्हटलं, "सर, उद्या आमच्याकडे जेवायला या. बारा वाजता. तुम्ही आल्याशिवाय पानं घेणार नाही."

सरांनी चौकटीला हात लावला. मग म्हणाले, "बाराला ना?"

रविवारी मी पाणी आणायला दार उघडलं तर पावणेअकरालाच सर बाहेर उभे, इस्त्रीचा कोट घालून.

"अजून वेळ आहे," ते म्हणाले. "मी थांबतो."