राऊतकाकांची विलायती केळी

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले राऊतकाका दर तीन महिन्यांनी इंग्लंडात केळी विकत घेतात. राहतात वसईत, एव्हरशाईन सिटीला, आमच्याच मजल्यावर. जवळच वटार गावात त्यांची स्वतःची राजेळी केळ्यांची वाडी आहे. रोज दुपारी ते स्कूटरवर घड बांधून आणतात आणि त्यातली एखादी फणी माझ्या दाराच्या कडीला लटकवून जातात. असा हा माणूस परदेशातली, बेचव, प्लॅस्टिकच्या पिशवीतली केळी पैसे देऊन घेतो. बरं, घेतो तर घेवो, पण त्या कामासाठी माझा रविवार खातो. मी आठवडाभर अंधेरीला विम्याच्या कचेरीत मान मोडून काम करते ते काय यासाठी?

अर्थात आमच्या इमारतीत रागावण्याचा पहिला मान माझा नाही, तो काकांचाच आहे. त्यांचा राग सकाळी त्यांच्या आधी उठतो. आणि त्या सगळ्या रागाच्या मुळाशी एकच शब्द आहे, ‘मधल्यामध्ये’.

काकांनी उभं आयुष्य त्याच वाडीतली फुलं दादरच्या बाजारात पाठवली. तिथे माल विकून देणारा अडत्या असतो आणि विकून दिल्याबद्दल तो आपला वाटा कापून घेतो. "झाड माझं, फुलं माझी, जायची देवाच्या पायावर. मधल्यामध्ये ह्याने काय केलं? टोपली इकडची उचलून तिकडे ठेवली!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणेन. मग तोच न्याय सगळ्या जगाला. डॉक्टरांनी एखाद्या ठरावीक ठिकाणी रक्त तपासायला सांगितलं की मधल्यामध्ये. लग्न जुळवणाऱ्या मंडळाने नावनोंदणीचे पैसे मागितले की मधल्यामध्ये. एकदा घरच्या सत्यनारायणाला बसलेले असताना त्यांनी भटजींकडे असं काही रोखून पाहिलं की काकूंनी त्यांना सोवळ्यातच चिमटा काढला.

अशा माणसाला कुणी ‘मार्कअप’ हा शब्द सांगायला नको होता. ज्येष्ठ नागरिक मंडळाची इंग्लंडची सहल ठरली तेव्हा बँकेतल्या कुठल्याशा मुलाने तो सांगितला. आपलं नेहमीचं कार्ड तिकडे चालवलं की रुपयाचा पौंड करून दिल्याबद्दल बँक दर खरेदीवर थोडी कात्री लावते, एवढंच तो बिचारा म्हणाला. काका घरी आले ते लालबुंद होऊन.

"म्हणजे चहा मी पिणार, पैसे मी देणार आणि पहिला घोट बँक घेणार?"

त्यातून ते फॉरेक्स कार्ड आलं. इथेच, स्टेशनजवळच्या परकीय चलनाच्या दुकानात, आधीच पौंड भरून घ्यायचे. तिकडे पौंडातच द्यायचे. मधल्यामध्ये कोणी नाही. काका हरखून गेले. बाजारात फुलांचा भाव बघावा तसा रोज सकाळी पौंडाचा भाव बघू लागले, आणि तो उतरला त्या दिवशी आंघोळ न करता स्कूटरला किक मारून गेले. काउंटरवरच्या मुलीशी घासाघीस करून त्यांनी भाव आणखी काही पैशांनी खाली आणला. त्या काही पैशांची कथा आम्ही पुढे गणपतीपर्यंत ऐकत होतो.

आणि मग ते प्रचारक झाले. इमारतीतून कुणी बॅग घेऊन उतरताना दिसला की लिफ्टच्या दारात पाय. "परदेश का? कार्ड कुठलं? मार्कअप किती?" माणूस रत्नागिरीला चाललेला असला तरी आधी हे विचारून घ्यायचे. टीव्हीचा रिमोट हातात धरून ते तालीम घेत. "हे समजा दुकानातलं मशीन. ते तुम्हाला गोड बोलून विचारणार, रुपयात देता की तिकडच्या पैशात? रुपयात म्हणालात की मेलात! भाव ते लावणार, त्यांच्या मर्जीचा." तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या लग्नात सगळे नवरा-नवरीला आशीर्वाद देत होते. काका स्टेजवर चढले आणि नवऱ्याच्या कानात म्हणाले, "बालीला जाताय ना? रुपयात म्हणू नका." नवरीला वाटलं, हुंड्याचं काहीतरी चाललंय.

मी आणि आमचे हे सिंगापूरला गेलो तेव्हा एका दुकानात माझं बोट चुकून रुपयांवर पडलं. माणसाचं बोट आहे, चुकतं. परत आल्यावर काकांनी पावत्या बघायला मागितल्या. लोक फोटो मागतात, हे पावत्या मागतात! ती एक पावती त्यांनी बरोबर शोधून काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि उठून गेले. त्या आठवड्यात माझ्या दाराला केळी लागली नाहीत.

आता ही इंग्लंडातली केळी. त्यांची हकिगत मला काकूंनी सांगितली, तीही भाजी निवडताना, मान वर न करता.

वटारची वाडी काकांच्या वडिलांची. विहिरीच्या अलीकडची अर्धी काकांची, पलीकडची धाकट्या भावाची, हरेश्वरची. राहतं घर पलीकडे. हरेश्वरने आपला भाग घरासकट एका बंगले बांधणाऱ्याला विकला आणि तो मुलाकडे लेस्टरला राहायला गेला. घरातला वाटा म्हणून काकांना मिळालेल्या पैशांत हा फ्लॅट आला. त्या दिवसापासून दोघे भाऊ बोललेले नाहीत. काका त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं ‘तो’ म्हणतात.

"मंडळाची सहल ठरली ना, तेव्हा ह्यांनी कार्डात जास्तीचे पौंड भरले होते," काकू म्हणाल्या. "लेस्टरला जाऊन यायला. लंडनला एक दिवस मोकळा होता. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, मला घेऊन. स्टेशनात तिकिटाचा भाव विचारला आणि तिथेच सुरू झाले, ही काय लूट आहे, मी नाही जा! फिरले मागे. भाडं कार्डात होतं, वहिनी. भाड्यासाठीच भरलेलं होतं."

तेच पौंड कार्डात उरले. परत रुपये करून घ्यावेत तर घेतानाचा भाव वेगळा, देतानाचा वेगळा, म्हणजे पुन्हा मधल्यामध्ये. म्हणून ते तसेच राहिले. आणि मग एका रविवारी काका माझ्या दारात उभे.

"वहिनी, अन्याय बघा. हे कार्ड तीन महिने वापरलं नाही की दंड कापतात. पैसे माझे, पडून आहेत माझ्या मर्जीने, आणि भाडं मीच भरायचं! काहीतरी घ्या त्यावर. आत्ताच्या आत्ता."

मी म्हटलं, तिकडची वस्तू इकडे मागवली तर वर जकात बसेल. मग तिकडेच कुणाला तरी पाठवू. तिकडे तुमच्या ओळखीचं कोण आहे?

काका माझ्या पडद्यांकडे बघू लागले. "ओळखीचं कोणी नाही," ते म्हणाले. "तो एक आहे."

"त्याला काय पाठवायचं?"

"केळी! खा म्हणावं. राजेळी विकून गेलास ना, आता हा पिवळा कापूस खा!"

शोधून शोधून मी लेस्टरमधल्या एका गुजराती माणसाचं दुकान काढलं. ते घरपोच फुकट देतात, पण ठरावीक खरेदी झाली तरच. नुसत्या केळ्यांनी ती होईना. "भर म्हणून काहीही टाका," काका म्हणाले. मी बिस्किटं टाकली.

"बिस्किटं नकोत. त्याला साखर आहे."

"मग केळी कशी चालतात?" आतून काकूंनी विचारलं. आमची दारं समोरासमोर असल्याने त्यांना सगळं ऐकू येतं.

"एकाने काही होत नाही! बाकीची सून खाईल. वहिनी, मुगाची डाळ टाका. हातसडीचा तांदूळ आहे का बघा. आणि खोबरेल तेल. तिकडे त्याच्या टाळूला कोण तेल घालतंय!"

‘काहीही’ टाकायला आम्हाला तासभर लागला. मग त्यांच्या बटणांच्या फोनवर आलेला ओटीपीचा आकडा त्यांनी मला फोन हाताने झाकून एकेक करून सांगितला, जणू मी तो घेऊन पळणार होते. शेवटी दुकानदारासाठी निरोपाची चौकट आली. "लिहा," काका म्हणाले. "ही केळी. राजेळी नव्हेत." मी रोमन अक्षरांत लिहिलं. खाली नाव काय घालू विचारलं तर म्हणाले, कळेल त्याला.

दुकानाचा पोऱ्या दारात पिशवी ठेवतो आणि पोचवल्याचा पुरावा म्हणून फोटो पाठवतो. तो माझ्या फोनवर आला. तपकिरी दार, पायरीवर पिशवी आणि बाजूला एक कुंडी. मी काकांना नुसतं "पोचलं" असं सांगून मोकळी होणार होते, पण त्यांनी फोन हातात घेतला.

"हा मोठा कसा करायचा?"

दोन बोटांनी मोठा करून दिला. काका कुंडी बघत होते. तिच्यात गुडघाभर उंचीचं केळीचं रोप होतं, पानं थंडीने करपलेली.

"कुंडीत केळ लावलीय! त्या बर्फात! बापाने शिकवलेलं एक अक्षर शिल्लक नाही ह्याच्या डोक्यात!" आणि मग ते घरच्या बोलीत शिरले. रागावले की शिरतात, आणि मला त्यातलं अर्धंच कळतं. ते न कळणंच बरं होतं.

पुढच्या खेपेला चौकटीत मजकूर होता, "बुंध्याला गोणपाट बांध. पाणी कमी." मला वाटलं, दुकानदार मला वेड्यात काढणार. पण त्याने तो निरोप पिशवीवर चिकटवला असावा. कारण त्याच्या पुढच्या खेपेच्या फोटोत कुंडीतल्या रोपाला नीट गोणपाट गुंडाळलेलं होतं, वरून सुतळी.

काकांनी तो फोटो खूप वेळ पाहिला. "गाठ चुकीची आहे," ते म्हणाले, आणि मी न विचारताच चहा मागितला. जाताना म्हणाले, "हा फोटो काकूंच्या फोनवर टाका. मला नको. तिला झाडांची आवड आहे." काकूंनी आजवर तुळशीलासुद्धा आठवण केल्याशिवाय पाणी घातलेलं नाही.

हे असं चालू राहिलं. कधी फोटोत नवं पान आलेलं, कधी अर्धवट उघड्या दारात एक पाय, लोकरीच्या मोज्यावर चप्पल घातलेला. "मोज्यावर चप्पल!" त्या पायावर काका दिवसभर भडकलेले होते. मी एकदा म्हटलं, एक फोन करा की सरळ. तर म्हणाले, "मी? विकली त्याने, फोन त्याने करावा." कार्डातले पौंड संपत आले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं, म्हटलं आता दंडाचा प्रश्नच मिटला. काकांनी भाव उतरलेला दिवस बघून पुन्हा पौंड भरले. "रिकाम्या कार्डावर तर जास्त कापतील," म्हणाले. या तर्कापुढे मी हात टेकले.

मग गेल्या महिन्यात निरोप आला की कार्डाची मुदत संपते आहे, शिल्लक रुपयांत परत मिळेल. काका ओरडले नाहीत. माझ्या दाराला दोन दिवस केळी लागली नाहीत आणि काकू म्हणाल्या, वाडीतही जात नाहीत, नुसते बसून आहेत.

आता मात्र माझं डोकं फिरलं. एका म्हाताऱ्या माणसाला न वापरल्याचा दंड लावून लावून वर्षानुवर्षं पळवायचं, आणि शेवटी कार्डच बंद? शनिवारी सुट्टी होती. मी काकांना म्हटलं, चला, मी येते, मला त्यांना दोन शब्द सुनवायचे आहेत. काका "राहू दे, राहू दे" म्हणत होते. मी ऐकलं नाही.

काउंटरवर तीच मुलगी होती. मी पर्स ठेवली आणि सुरू झाले. न वापरल्याचा दंड हा प्रकार काय आहे, ग्राहकाच्या पैशाला भाडं कसलं, तुम्हाला विचारणारं कोणी नाही का. ती मुलगी शांतपणे माझं बोलणं संपायची वाट बघत राहिली.

"मॅडम, या कार्डाला तसा दंडच नाहीये," ती म्हणाली. "कधीच नव्हता. काकांना माहितीये की. कार्ड घेतलं तेव्हा सगळे चार्जेस त्यांनी मला दोन-दोनदा विचारले होते."

मी काकांकडे पाहिलं. काका भिंतीवरच्या भावाच्या फळ्याकडे बघत होते.

खरंच, कोण कुठे किती कापतं याचा हिशेब ज्या माणसाने जन्मभर केला, त्याला हे माहीत नसेल? आधी मला रागच आला. माझे इतके रविवार! मग ती सुतळी डोळ्यांसमोर आली. एवढा भांडकुदळ माणूस, आणि स्वतःच्या भावाला मूठभर डाळ पाठवायला याला बँकेच्या दंडाचा आडोसा लागावा. मला इतकं वाईट वाटलं की मी पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधू लागले.

"नवीन कार्ड देऊ का काका?" मुलीने विचारलं. "हे चांगलं आहे, यालाही काही दंड नाही."

"मग काय उपयोग त्याचा?" काका एकदम तिच्यावर उखडले. "वापरलं नाही तर दंड बसतो, असं नाही का एखादं?"

"आहे, पण लोक तसं घेत नाहीत, काका."

"लोकांचं मला सांगू नका. काढा ते."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने खणातून दुसरं माहितीपत्रक काढून काकांच्या पुढे ठेवलं. "हे बघा. सहा महिने वापरलं नाही तर दंड बसेल."

काकांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं आणि घासाघीस करायच्या त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सहा फार होतात हो. तीनचं नाही का?"